झालरीआडचे पाय

शायर घोड्याच्या गुडघ्यापासून खुरापर्यंत उतरणारी केसांची झालर हे त्याचे वैभव मानले जाते. परंतु पूर्व इंग्लंडातील फेन्स ह्या सखल, पाणथळ मुलखातल्या पागेत बारा हिवाळे मोतद्दारी केल्यानंतर तिच्याकडे पाहताना माझ्या मनात कौतुकाच्या आधी चिंता उभी राहते. आमच्या भीमथडी तट्टांचे पाय सडसडीत, त्यांवर उठलेली खपली दारातूनच नजरेस पडे. येथे केसांखाली सदैव दमट काळोख, आणि तिथला विकार डोळ्यांपूर्वी बोटांना कळतो.

पहिल्याच हिवाळ्यात एक घोडी रात्रभर मागचे पाय आपटीत असे, आणि मी तो तिचा अवखळपणा समजून तिची चंदी कमी केली, ह्याची खंत मला अद्याप आहे. तो उपद्रव होता कोरिऑप्टिस ह्या, गोचिडीच्या कुळातल्या सूक्ष्म जीवाचा. तो कातडीत बीळ करीत नाही, वरच राहून तिच्या कोंड्यावर जगतो, म्हणून सुईने टोचलेले औषध त्याला एकटे पुरे पडत नाही, बाहेरूनही लावावे लागते. आणि घोड्याच्या अंगावरून गळून पडल्यावरही अंथरुणात तो कित्येक आठवडे तग धरीत असल्याने एका घोडीचा इलाज हा अखेर साऱ्या पागेचा इलाज ठरतो.

केस कातरल्यावाचून उपचार नाही, हा माझा ठाम अभिप्राय आहे. प्रदर्शनाच्या मानासाठी मालक कचरतात. पण १८७८ साली स्थापन झालेल्या शायर हॉर्स सोसायटीला देखील झालर बारीक, सरळ आणि रेशमी असलेली हवी असते, आणि खपल्यांनी चिकटलेल्या केसांत त्यांपैकी काय उरते? कातरल्यावर क्लोरहेक्सिडिनचे सौम्य द्रावण लावून दहा मिनिटे मुरू द्यावे, खपल्या ओरबाडू नयेत, मऊ होऊन सुटतील तेवढ्याच काढाव्यात, आणि मग पाय कोरडे करावेत. धुणे सर्वांना येते. कोरडे करणे हे खरे कसब. टाचेमागच्या खळग्यात राहिलेली ओल कातडी मऊ पाडते, आणि त्या मऊ कातडीत डर्मॅटोफिलस नावाचा जिवाणू शिरतो. चिखल वाळू देऊन ब्रशने झाडणे हे रोजच्या धुण्याहून हितावह, हे मला फार उशिरा उमगले. गंधक मिसळलेल्या तेलाची जुनी चाल मी अजून पाळतो, मात्र आधी बोटभर जागेवर लावून एक दिवस वाट पाहतो, कारण काही घोड्यांना गंधक सोसत नाही.

एका वृद्ध घोड्यापुढे मात्र माझे सारे उपाय थिटे पडले. लसिकेचा निचरा मंदावून त्याच्या पायांना जाड वळ्या आणि गाठी आल्या होत्या. अवजड जातींतला हा विकार तरुणपणीच सुरू होतो आणि पुढे वाढतच जातो. त्याचे केस मी आखूड ठेवी, वळ्यांमधली ओल कापडाने टिपी, आणि पाऊस असो वा धुके, सकाळ-संध्याकाळ त्याला बांधावरून सावकाश चालवून आणी.