जुना पॅड टाकण्याआधी

ब्रेक पॅड बदलायचे म्हणजे जुने काढून नवे बसवायचे, असं बऱ्याच जणांना वाटतं. तेवढंच केलं तर काम लवकर उरकतं. माझ्या मते मात्र खरं काम जुना पॅड हातात आल्यावर सुरू होतं. झिजलेल्या चपलेवरून माणसाची चाल कळते, तसं झिजलेल्या पॅडवरून चाक कसं थांबत होतं ते कळतं. म्हणून जुने पॅड उलटसुलट करून बघितल्याशिवाय मी नव्यांचं पाकीट फोडत नाही.

आमची ऑल्टो चिपळूणची. चार महिने धो धो पाऊस, आणि कराडला जायचं म्हटलं की कुंभार्ली घाट. पुढे डिस्क, मागे ड्रम. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे जास्त राबतात पुढचेच ब्रेक आणि आधी झिजतात तेही तेच. नव्या पॅडवरचा थर साधारण 10 मिलिमीटरचा असतो. तो 3 मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचा.

पावसाळा सरल्यावर डावं चाक खोललं. भाचा मदतीला होता. सपाट अंगण, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केलेले, आणि जॅकने उचलल्यावर खाली स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीला मी हात लावू देत नाही, मग कितीही घाई असो.

कॅलिपर सोडवला आणि तारेने वर स्प्रिंगला बांधला. लोंबकळत ठेवला तर त्याचं वजन ब्रेकच्या रबरी नळीवर येतं. पॅड काढले. बाहेरचा निम्मा शिल्लक होता, आतला पार पत्र्याला टेकलेला.

"मामा, डिस्कला दोन्ही बाजूंनी सारखंच दाबतात ना? मग एकच कसा संपला?"

यातच सगळं आलं. या कॅलिपरला पिस्टन एकच, तोही आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो. त्याच्या उलट्या जोराने कॅलिपर दोन पिनांवरून आत सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही, सगळा भार आतल्या पॅडवर पडतो. पॅड तिरका झिजला असेल तरी आधी पिनांवरच संशय घ्यावा.

वरची पिन हाताने आली. खालची भाच्याने पक्कडीत धरून फिरवत फिरवत काढली. तिचं रबरी बूट एका कडेला फाटलेलं. आत ग्रीसच्या जागी वाळलेला तपकिरी गाळ, आणि पिनेवर नखाला लागेल असा गंजाचा पट्टा. पावसाचं पाणी त्या फटीतून आत गेलं होतं. तसेच नवे पॅड घातले असते तर आतला पुन्हा आधी संपला असता. पॉलिश पेपरने जाण्यासारखा तो गंज नव्हता, म्हणून नव्या पिना आणि बूट आणले. ग्रीस ब्रेकसाठीचंच हवं. साध्या ग्रीसने इथलं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

उजवीकडचं चाक भाच्याने खोललं. तिथले दोन्ही पॅड सारखे झिजलेले, पिना मोकळ्या. तरी बदलायचे ते दोन्ही चाकांचे एकदमच, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

पिस्टनला डिस्कपासून मागे आणायला स्प्रिंग नसते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. त्याच्याभोवती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग असते. पिस्टन पुढे गेला की ती त्याच्याबरोबर किंचित वाकते, पेडल सोडलं की सरळ होते आणि त्याला केसभर मागे घेते. पॅड जसजसा झिजतो तसतसा पिस्टन रिंगमधून थोडा पुढे सरकून बसतो. म्हणून पॅड अर्धे झाले तरी पेडल तिथल्या तिथे राहतं, खाली उतरतं ते डबीतलं ब्रेक ऑईल. ते दिसलं की वरून ओतत सुटायचं नाही, आधी पॅड बघायचे आणि कुठे गळत नाही ना ते बघायचं. भरून ठेवलेल्या डबीतून, नव्या पॅडला जागा करायला पिस्टन मागे दाबताना, ऑईल उतू जातं आणि बॉनेटचा रंग खातं.

हे ऑईल हवेतली ओल शोषतं. डॉट 3 ताजं असताना 205 अंशांच्या खाली उकळत नाही. पाणी मुरल्यावर मात्र ही मर्यादा 140 पर्यंत उतरते. घाट उतरताना सतत ब्रेक तापले तर त्यात वाफ होते, वाफ दबते आणि पेडल पोकळ लागतं. म्हणून कोकणातल्या गाडीचं ऑईल दोन वर्षांत बदलावं आणि कुंभार्ली खालच्या गिअरमध्येच उतरावा.

चाकाच्या आत साचलेली पॅडची काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये, ती श्वासातून आत जाते. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. रबरी नळीला चीर किंवा पिस्टनपाशी ओल दिसली तर मी घरी पुढे जात नाही. ते काम गॅरेजमध्ये, एअर काढण्यासकट.

चाकं लावून झाल्यावर चावी फिरवण्याआधी पेडल दाबत राहायचं. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्यांदा पेडल थेट तळाला जातं आणि दाबत गेलं की घट्ट होतं. ते मी भाच्याला स्वतःच्या पायाने अनुभवू दिलं. मग रिकाम्या रस्त्यावर वेग घ्यायचा, पूर्ण न थांबता कमी करायचा, मध्ये ब्रेक थंड होऊ द्यायचे, असं काही वेळा. नवा पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत घाटात जायचं नाही.