बदलीचा जमाखर्च

साताऱ्याहून मुंबईस बदलीचा हुकूम आल्यापासून मी रात्री दोन्ही शहरांचा जमाखर्च मांडीत बसतो. मूळ वेतन तेच. लोकसंख्येवरून शहरांचे वर्ग पाडणाऱ्या केंद्राच्या नियमाने घरभाडे भत्ता तेवढा 10 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर जाईल, आणि तरीही अनामत, भाडे, लोकलचा पास, मुलीच्या शाळेचे शुल्क वजा जाता शिल्लक इथल्याहून कमीच उरते. परंतु मनास लागलेली हुरहूर त्या तफावतीची नव्हे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. वळवाच्या दिवसांत त्याच्या माथ्यावर ढग टेकले, की आई वाळवण आत घ्यायला सांगते, आणि ती खिडकी कोणत्या रकान्यात लिहावी, हे मला उमगत नाही. आई बरोबर येणार की नाही, हे तिने अद्याप सांगितलेले नाही. तिच्या औषधपाण्याचा खर्च मी दोन्हीकडे धरला आहे.