आजींचे बोलणे अर्धवट राहिले

२०२३ सालची १४ एप्रिलची संध्याकाळ. विहारासमोरचा मंडप भरला होता. पाहुण्यांची भाषणे झाल्यावर वस्तीतल्या एका आजींना आम्ही माईकसमोर बसवले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्या दहा वर्षांच्या होत्या. वडिलांबरोबर नागपूरला गेल्या होत्या. "बानं आईला रातीच सांगितलं, पांढरं लुगडं काढून ठेव..." एवढे बोलल्या आणि माईक बंद पडला. कोणी वायर हलवली. आवाज खरखरला, आला, पुन्हा गेला. आजी हसून म्हणाल्या, "राहू द्या लेकरांनो, पुन्हा कवातरी सांगीन."

त्याच पावसाळ्यात आजी गेल्या.

विहाराचा हिशेब माझ्याकडे असतो. हा सेट धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या आणि बिगारी कामगारांच्या वर्गणीतून घेतलेला. त्यामुळे मन खात होते. वस्तीतल्या आयटीआय झालेल्या एका मुलीने पेटी उघडून दाखवली. आम्ही माईकची वायर थेट मिक्सरमध्ये खुपसत होतो. कोणाचा पाय अडकला की हिसका थेट मिक्सरच्या आतल्या पट्टीला बसे. तिथले डाग सुटले होते. ती म्हणाली, "काका, मिक्सर चांगला आहे. ओढ चुकीच्या जागी बसतेय."

मग तिच्या सांगण्याप्रमाणे आम्ही रॅकला पॅनेल बसवले. रॅकचे पॅनेल १९ इंच रुंद असते आणि एका घराची उंची पावणेदोन इंच. त्यात २४ मिलिमीटरची आठ भोके पाडली, कडा कानशीने घासल्या आणि प्रत्येक भोकात तीन पिनांचा एक्सएलआर सॉकेट दोन स्क्रूंनी आवळला. माईक येतो तिथे भोकांचा सॉकेट, आवाज बाहेर जातो तिथे पिनांचा. पहिल्या पिनेवर वायरची जाळी, दुसऱ्या-तिसऱ्यावर आतल्या दोन तारा. प्रत्येकाखाली क्रमांक लिहिला. पॅनेल पेटीच्या कडेपासून थोडे आत घेतले, म्हणजे पेटी हलवताना प्लगला धक्का लागत नाही. आता हिसका बसला तरी तो लोखंडी पॅनेल सोसते, मिक्सर नाही.

पॅनेलच्या मागे आडवी पट्टी लावून सगळ्या वायरी तिला बांधल्या. बांधणी घट्ट नको, वायर दबते. डागाजवळ वायर ताणलेली नको, थोडी सैल ठेवावी. वाकवताना तिला टोकदार घडी पडू देऊ नये. माईकच्या वायरी एका बाजूने, विजेच्या दुसऱ्या बाजूने. एकमेकींना ओलांडायचेच असेल तर काटकोनात. तेवढ्यानेच आमच्या सेटची घूं घूं बरीच कमी झाली.

इथे एक कबुली द्यायला हवी. ती घूं घूं जावी म्हणून आमच्याच एका कार्यकर्त्याने पूर्वी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकली होती. आवाज थांबला म्हणून आम्ही त्याचे कौतुकही केले! त्या पेटीला लहान मुले रोज हात लावत. पेटीत वीज उतरली असती तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. बंधू-भगिनींनो, अर्थिंग कधीही तोडू नका.

कार्यक्रम संपला की पोरे वायर कोपराला गुंडाळत. त्याने आतल्या तारा पिळवटतात. आता मोठी वेटोळी घालून खिळ्याला अडकवतो. येण्याजाण्याच्या वाटेवर वायरीवर रबराची चटई टाकतो.

यात पैसा फार लागला नाही. दोन रविवार लागले. हे दोन रविवार आम्ही आधी दिले असते, तर त्या संध्याकाळी आजींचे बोलणे पूर्ण झाले असते. त्यांच्या आईने ते पांढरे लुगडे नेसले का, वाटेत काय खाल्ले, हे आता कोणाला विचारायचे?

वर्षावासात विहारोविहारी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चे वाचन होते. वाचन झाल्यावर आपल्या वस्तीतल्या एकेका वडीलधाऱ्यांना माईकसमोर बसवा. त्यांना बोलू द्या, त्यांचे बोलणे जपून ठेवा. मात्र आदल्या दिवशी वायरी तपासून घ्या.

जय भीम!