लवंगेचा वास आणि कुत्रीची खूण

कुत्र्याला वास घ्यायला शिकवावे लागत नाही. शिकवायचे असते ते असंख्य वासांतून माणसाला हवा तो एकच निवडणे आणि तो सापडल्याचे कळवणे. निवडणे त्याला लवकर जमते. कळवण्याला मात्र महिने लागतात आणि त्यातला बराच काळ शिकवणाऱ्याच्याच शिक्षणात जातो. प्रस्तुत लेखकाने हे काम पुण्यात, घरच्या गावठी कुत्रीबरोबर, लवंगेच्या वासावर केले. पुढील विवेचनाला आधार त्या अनुभवाचा आहे.

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण 50 ते 60 लाख मानतात, कुत्र्याच्या नाकात 20 कोटींहून अधिक. पण आकड्यांपेक्षा नाकाची रचना अधिक कामाची. हुंगताना कुत्रा सेकंदाला सुमारे पाच वेळा हवा ओढतो. तिचा 12 ते 13 टक्के भाग निराळ्या वाटेने नाकाच्या मागच्या पोकळीत जातो, जिथे फक्त वास टिपला जातो. बाहेर पडणारा श्वास नाकपुडीच्या कडेच्या फटीतून निघत असल्याने समोरचा वास उधळला जात नाही. धापा टाकू लागलेला कुत्रा मात्र तोंडाने श्वास घेतो आणि त्याचे हुंगणे मंदावते. म्हणून पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत सराव उजाडताच उरकलेला बरा.

पोलिसांचे कुत्रे स्फोटके किंवा अमली पदार्थ शोधतात. वनविभागाच्या कुत्र्यांना वाघाची हाडे आणि बिबट्याचे कातडे ओळखायला शिकवतात. हौशी लोकांच्या स्पर्धांत परदेशात लवंग, बडीशेपेसारखा अ‍ॅनिस आणि बर्च झाडाचा अर्क हे वास चालतात. त्यातली लवंग आपल्याकडे कोणत्याही किराणा दुकानात मिळते. तेल मात्र वापरू नये. ते त्वचेला झोंबते आणि सांडले तर त्या खोलीत कितीतरी दिवस सराव करता येत नाही. कापसाचे बोळे अख्ख्या लवंगांबरोबर घट्ट झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवले की पुरते. बोळा चिमट्यानेच उचलायचा. बोट लागले तर कुत्रा लवंगेऐवजी धन्याच्या हाताचा वास शोधायला शिकतो, आणि खुशीत असलेल्या शिक्षकाला ते बरेच दिवस कळतही नाही. यासाठी कोऱ्या बोळ्यांची बरणीही वेगळी आणि चिमटाही वेगळा.

सुरुवात एकसारख्या पुठ्ठ्याच्या खोक्यांपासून होते. एका खोक्यात भोके पाडलेल्या डबीत लवंगेचा बोळा असतो, बाकीच्यांत कोरे बोळे. कुत्रीने त्या खोक्यावर नाक नेले की त्याच क्षणी क्लिकर, म्हणजे टिक् असा आवाज करणारी छोटी डबी, वाजतो आणि तिथेच, वासाच्या जागी, उकडलेल्या कोंबडीचा तुकडा मिळतो. पोलिसांच्या कुत्र्यांना बहुधा चेंडू किंवा टॉवेलशी खेळायला मिळते. गावठी कुत्रीला खाण्यातच अधिक रस होता. खोक्यांची जागा दरवेळी बदलावी लागते, नाहीतर ती जागाच पाठ होते. वास पक्का झाला की कोऱ्या बोळ्यांच्या जोडीला वेलची, जिरे, साबण असे चकवे येतात. तुळशीतही लवंगेसारखेच युजेनॉल हे वासाचे द्रव्य असते. अंगणातल्या वृंदावनापाशी कुत्री पहिल्यांदा रेंगाळली, मान वळवून पुन्हा आली, पण खूण दिली नाही. लवंगेचा वास म्हणजे नुसते युजेनॉल नव्हे, हे तिला कुणी सांगितले नव्हते.

खुणेचे दोन प्रकार आहेत. एकात कुत्रा जागा उकरतो किंवा भुंकतो. दुसऱ्यात बसतो किंवा नाक रोखून निश्चल उभा राहतो. स्फोटकांच्या शोधात पहिला प्रकार जिवावर बेतू शकतो, म्हणून तिथे शांत खूणच शिकवतात. 1993च्या मुंबई बाँबस्फोटांनंतर हजारो किलो आरडीएक्स, शेकडो डिटोनेटर आणि हातबाँब शोधून काढण्याचे श्रेय ज्याला दिले जाते, तो मुंबई पोलिसांचा लॅब्रडॉर झंजीर पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झाला होता.

खूण शिकवताना कुत्री वासावर नाक ठेवून क्षणभर थांबली की क्लिक, मग दोन क्षणांनी, मग आणखी उशिरा. हा अवधी घाईने वाढवला तर कुत्री कंटाळून पुढच्या खोक्याकडे जाते. नुसते बसायला शिकवणे सोपे, पण बसलेली कुत्री नेमकी जागा दाखवत नाही. पुस्तकांच्या कपाटासमोर ती बसली तर कुठला कप्पा? नाक रोखणारी खूण शिकवायला जास्त वेळ लागतो, तरी तीच पत्करावी. शिकवलेल्या खुणेआधी कुत्रा न शिकवलेल्या खुणा देतच असतो: मान झटकन वळते, तोंड मिटते, शेपटीची लय बदलते, हुंगण्याचा आवाज बारीक आणि भरभर येऊ लागतो. त्या वाचता येणे ही अर्धी विद्या.

वास हवेबरोबर वाहतो आणि कोपऱ्यात साचतो. पंखा चालू असेल तर तो उगमापासून दूर, समोरच्या भिंतीपाशीही दाट असू शकतो. कुत्री तिथे जाऊन नागमोडी परत येते. तिला त्या वेळी ओढू नये. बोळा लपवल्यावर वास पसरायला निदान अर्धा तास द्यावा.

सगळ्यात अवघड शत्रू म्हणजे पट्टा धरणारा. बोळा कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस नकळत तिथे पाऊल आखडतो, श्वास धरतो, आणि कुत्री वासाऐवजी त्याला वाचते. हान्स नावाचा बर्लिनचा घोडा गणिते सोडवत नसून विचारणाऱ्याच्या हालचाली ओळखत होता, हे ऑस्कार फुंग्स्टने 1907मध्ये दाखवले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी 2011मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग श्वानपथकांसाठी आणखी बोचरा आहे. कुत्रा आणि त्याचा हस्तक, म्हणजे पट्टा धरणारा, यांच्या 18 जोड्यांना अशा खोल्या तपासायला लावल्या, जिथे शोधायचा वास ठेवलेलाच नव्हता. काही जागी हस्तकांना दिसेल असा लाल कागद मात्र लावला होता आणि तो वासाची जागा दाखवतो, असे त्यांना सांगितले होते. 144 शोधांपैकी फक्त 21 शोधांत एकही खोटी खूण नोंदली गेली नाही.

त्यावर उपाय म्हणजे बोळा दुसऱ्याने लपवायचा आणि तो माणूस खोलीबाहेर राहील असे पाहायचे. मधूनमधून संपूर्ण रिकामी खोलीही तपासावी, नाहीतर प्रत्येक खोलीत काहीतरी असतेच, असे कुत्री शिकते आणि खाऊसाठी कुठेही खूण देऊ लागते. खोट्या खुणेला रागावू नये, बक्षीसही देऊ नये. ती खोटीच आहे याची खात्री मात्र आधी करावी. अशाच एका रिकाम्या म्हणवलेल्या शोधात कुत्रीने मोरीच्या फळीवर नाक रोखले. तिथे लवंगेची टूथपेस्ट होती. तिला कोंबडी द्यावीच लागली, आणि त्यानंतर शोधाआधी घरातला मसाल्याचा डबा, टूथपेस्ट, दातदुखीचे औषध यांची यादी करण्याची पद्धत पडली.

एकदा शिकलेला वास कुत्रा सहसा विसरत नाही. खूण मात्र सराव थांबला की ढिली होते, थांबण्याचा अवधी घटतो आणि नाक जागेपासून दूर राहू लागते. म्हणून आठवड्यातून दोन-तीन छोटे शोध पुरेसे असले तरी ते चुकवू नयेत. जुने बोळे टाकून द्यावेत. वहीत जागा, वेळ, पंखा चालू होता की बंद, आणि लपवणाऱ्याखेरीज कुणाला ठाऊक होते, एवढे लिहून ठेवावे.