पहिल्या दिवसाची गोष्ट

जून महिन्यात कोथरूडमधल्या एका सभागृहात आमच्या कराटेच्या नव्या तुकडीचा पहिला दिवस असतो. हे सभागृह सकाळी योगवर्गाचे, दुपारी साड्यांच्या प्रदर्शनाचे आणि संध्याकाळी दीड तास आमचे. नवी मुले घडीच्या रेघा न मोडलेले पांढरे गणवेश घालून येतात. पट्ट्याची गाठ बहुतेकांची आईने फ्रॉकच्या नाडीसारखी बांधलेली असते. पालक भिंतीकडेच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसतात आणि बाहेर पाऊस असल्यामुळे लवकर उठत नाहीत. अशा वेळी शिक्षकाला काहीतरी बोलावे लागते. आम्ही बोलत असू; आणि कित्येक वर्षे एकच गोष्ट सांगत असू.

ती गोष्ट वाचकांपैकी अनेकांनी ऐकली असेल. कांचीपुरमचा एक राजपुत्र होता. त्याने राज्य सोडले, बौद्ध भिक्षूची वस्त्रे घेतली आणि तो चीनला गेला. शाओलिनच्या मठात त्याने नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून ध्यान केले. तिथले भिक्षू ध्यानाला बसले की पेंगत, म्हणून त्याने त्यांना आपल्या देशातले व्यायाम शिकवले. त्या व्यायामांतून चिनी युद्धकला निघाल्या, त्या समुद्रमार्गे ओकिनावाला गेल्या आणि तिथे त्यांचे कराटे झाले. 'तेव्हा मुलांनो,' असे म्हणून आम्ही क्षणभर थांबत असू, 'तुम्ही आज जे शिकायला आला आहात ते परक्याचे नाही. ते आपलेच आहे, फिरून घरी आले आहे.' या वाक्याला खुर्च्यांवरचे पालक सावरून बसत. एखादे आजोबा मान डोलावत. ही गोष्ट आम्हाला आमच्या गुरुजींनी सांगितली होती, त्यांना त्यांच्या गुरुजींनी. परंपरेने आलेले आम्ही परंपरेने पुढे देत होतो, आणि त्यात काही गैर आहे असे आम्हाला कधी वाटले नव्हते.

एका वर्षी पहिल्या रांगेतल्या साधारण बारा वर्षांच्या मुलीने हात वर केला. 'सर, हे कुठे लिहिलंय?'

आम्ही म्हणालो, 'इतिहासात.'

'कुठल्या?'

पालक हसले. आम्हीही हसलो आणि 'आधी नीट उभं राहायला शिक, मग सांगतो' असे म्हणून वेळ मारून नेली. एरवी लोकांच्या लेखनात संदर्भ कुठे आहे असे विचारण्याची आम्हाला खोड आहे. त्या संध्याकाळी तोच प्रश्न आम्हाला विचारला गेला आणि आम्ही वयाच्या अधिकाराने तो दडपला. तिने ऐकून घेतले, सांगितल्याप्रमाणे पाय जुळवले, आणि पुढे दोन वर्षे नियमाने येत राहिली. प्रश्न मात्र तिने पुन्हा विचारला नाही. आम्हाला जास्त टोचले ते हे.

मग आम्ही शोधायला बसलो. बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख इ. स. 547 च्या सुमारास यांग शुआनझी याने लोयांग शहरातील मठांविषयी लिहिलेल्या ग्रंथात येतो, आणि त्यात हा भिक्षू दक्षिण भारतीय नाही, पश्चिमेकडच्या प्रदेशातला पर्शियन आहे. तो दक्षिण भारतातला होता असे सांगणारी परंपराही जुनी आहे. पण या जुन्या उल्लेखांत कुठेही व्यायाम नाहीत, मुष्टियुद्ध नाही. बोधिधर्माच्या नावावर दिली जाणारी स्नायुपरिवर्तनाची पोथी, 'यीजिनजिंग', सतराव्या शतकातली आहे. तिला प्राचीनत्व यावे म्हणून जोडलेल्या जुन्या तारखांच्या प्रस्तावना बनावट आहेत, हे त्यांतल्या कालविसंगतींवरूनच उघड होते. साहित्याच्या वाचकाला मौज वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. बोधिधर्म आणि शाओलिनचे मुष्टियुद्ध यांची सांगड लोकांत पसरली ती बऱ्याच अंशी एका कादंबरीमुळे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लिउ ए यांची 'लाओ त्सानची भ्रमंती' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिच्या वाचकांनी तिच्यातली ही कथा इतिहास म्हणून उचलली. तांग हाओ या चिनी इतिहासकाराने 1930 मध्येच तिचे खंडन केले होते. तरीही गिचिन फुनाकोशी यांच्यासारख्या ओकिनावाच्या थोर शिक्षकाने आपल्या ग्रंथात ती सांगितली, आणि तिथून ती जगभरच्या सभागृहांत पोचली. आमच्याही.

म्हणजे आमची प्राचीन परंपरा एका मासिक कादंबरीपाशी येऊन थांबली. आम्ही काही दिवस खट्टू होतो, हे कबूल केले पाहिजे.

परंतु शोधता शोधता ओकिनावाकडची एक बाजू हाती आली आणि खट्टूपणाची जागा वेगळ्या विचाराने घेतली. ओकिनावा म्हणजे र्युक्यू बेटांचे जुने राज्य. 1609 मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी ते जिंकले, 1879 मध्ये जपानने ते पूर्णपणे आपल्यात विलीन केले. या बेटांचा चीनशी शतकानुशतके व्यापार होता, आणि तिथल्या हातांच्या विद्येला लोक 'तोदे' म्हणत. तो शब्द ज्या चिन्हांनी लिहीत त्यांचा अर्थ 'चिनी हात'. याच चिन्हांचा उच्चार 'करा-ते' असाही होतो. 'करा' हा उच्चार असलेले दुसरेही एक चिन्ह आहे, त्याचा अर्थ 'रिकामा'. चोमो हानाशिरो यांनी 1905 मध्ये 'रिकामा हात' असे लिहिले. पुढे 25 ऑक्टोबर 1936 रोजी नाहा शहरात एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने जाणत्या शिक्षकांची बैठक झाली आणि 'रिकामा हात' हेच लेखन रूढ करावे असे ठरले. त्या काळात जपानचे चीनशी वैर शिगेला पोचत होते. जपानभर पसरू पाहणाऱ्या विद्येच्या नावात चीन असणे अडचणीचे होते. उच्चार तोच राहिला, एक अक्षर बदलले आणि एक पूर्वज पुसला गेला. रिकाम्या हाताचे तत्त्वज्ञान त्या अक्षराभोवती सुंदर उभे राहिले, हेही खरे. फुनाकोशींनी शून्यतेच्या बौद्ध कल्पनेपर्यंत ते नेले.

तिकडे एका अडचणीच्या पूर्वजाला काढून टाकले, इकडे आम्ही एका सोयीच्या पूर्वजाला आणून बसवले. दोन्ही कामे अभिमानाने केली. पाठ्यपुस्तकांच्या आणि संहितांच्या इतिहासात अशी उदाहरणे आम्ही वर्गात शिकवतो, तेव्हा आवाज फार ठाम असतो. स्वतःच्या तोंडून तेच बाहेर पडत होते, हे एका मुलीने दाखवून दिले. अभिमानासाठी कांचीपुरमपर्यंत जायची गरजही नव्हती. याच पुण्यात 1924 साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. मल्लखांब दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट देवधरांनी नावारूपाला आणला. अर्थात बाळंभटांच्या कथेलाही दृष्टांताची जोड आहेच. अंगाने शिकायची प्रत्येक विद्या आपल्या उगमाशी एखादा देव किंवा संत उभा करते असे दिसते. कारण तिच्याजवळ लिहिलेले फार थोडे असते.

हे लिहिलेले नसणे म्हणजे काय, ते आम्हाला आणखी एका चुकीने कळले. दुसऱ्या एका वर्गात काही वर्षे शिकलेला एक मुलगा आमच्याकडे आला. 'सांचिन' नावाची एक काता आहे. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची क्रमवार रचना. तिला संहिता म्हटले तरी चालेल. 'सांचिन' या शब्दाचा अर्थ तीन लढाया. पावलांची बोटे किंचित आत, ओटीपोट आवळलेले, श्वास मोजका. सगळी काता जेमतेम काही पावलांची, पण पूर्ण केली की घाम निथळतो. आमच्या गोजू-र्यू शाखेत ती मुठी आवळून करतात. तो मुलगा उघड्या हातांनी, बोटे सरळ रोखून करू लागला. आम्ही सगळ्यांसमोर त्याला थांबवले आणि जरा कठोरच शब्दांत म्हणालो की ज्यांनी तुला हे शिकवले त्यांना सांचिन येत नव्हती. मुलगा काही बोलला नाही. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

त्याची सांचिन चूक नव्हती. ती उएची-र्यू शाखेची होती. कानबुन उएची 1897 मध्ये चीनच्या फूझौ शहरात गेले आणि तिथे शिकून आले; त्यांच्या परंपरेत हात उघडाच असतो. आमचे आद्य गुरू चोजुन मियागी (1888–1953) यांचे गुरू कानर्यो हिगाओन्ना हेही त्याआधी फूझौमध्येच शिकले होते. एकाच शहरातून एकाच नावाची संहिता दोन शिष्यांनी आणली आणि तिचे दोन पाठ झाले. अपपाठ यांपैकी कुठलाच नव्हता. पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच मुलांसमोर त्या मुलाची क्षमा मागितली. त्याला उघड्या हातांची सांचिन करून दाखवायला सांगितले. त्याने ती आमच्याहून चांगली केली.

एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण सारे जाणतो. उपलब्ध पोथ्या ताडून पाहायच्या, पदरचे काही घालायचे नाही, आणि पुढच्यांनीही घालू नये असे बजावून ठेवायचे. कातेच्या बाबतीत हे कसे करणार? इथे पोथी म्हणजे माणूस. 1945 च्या एप्रिल ते जूनमध्ये ओकिनावात जी लढाई झाली, तीत तिथल्या नागरिकांपैकी सुमारे चौथा हिस्सा मारला गेला असे मानतात. मियागींचे पट्टशिष्य जिनान शिंझातो त्यांत गेले. ज्यांच्या हाती विद्या सोपवायची तीच माणसे गेल्यावर राहिली ती जिवंत असलेल्यांच्या अंगात. युद्धानंतर मियागी नाहामध्ये आपल्या घराच्या अंगणात शिकवत, त्या उरलेल्या काही जणांच्या अंगात. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली आणि तरली, या कथेचा अर्थ लोकांच्या मुखी ती राहिली असा अनेकांनी लावला आहे. तो अर्थ आम्हाला ओकिनावाच्या वाटेने जाऊन नव्याने कळला. मग आमच्या सभागृहातले बारा वर्षांचे प्रत्येक मूल ही एक प्रत होते. प्रत उतरवताना लेखनिकाने काय सांभाळायचे ते सांभाळणे, एवढेच आमचे काम.

तेव्हापासून पहिल्या दिवशी आम्ही बोधिधर्माची गोष्ट सांगत नाही. एका पालकांनी त्याबद्दल नाराजीही दाखवली. 'सर, माझ्या मोठ्या मुलाला तुम्ही सांगितली होती ती गोष्ट. मुलांना अभिमान वाटतो हो.' आम्ही त्यांना वर लिहिलेले सारे सांगायचा प्रयत्न केला. ते सौजन्याने ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, 'असेल. पण ती ऐकायला छान होती.' त्यांचे चूक नाही. ती छानच आहे, म्हणून तर इतकी टिकली.

आता आम्ही पहिल्या दिवशी मुलांना 1936 च्या बैठकीची गोष्ट सांगतो. एका अक्षराच्या जागी दुसरे कसे आले, ते फळ्यावर दोन्ही अक्षरे काढून दाखवतो. मुलांना चित्रे काढल्यासारखे वाटते, ती आपापल्या तळहातावर बोटाने गिरवून पाहतात. मग 'गेकिसाई' या पहिल्या कातेची सुरुवात दाखवतो. ही काता मियागींनी 1940 च्या सुमारास शाळकरी मुलांना सोपी पडावी म्हणून रचली. नावाचा अर्थ 'प्रहार करून चुराडा करणे'. ते युद्धकाळाचे नाव आहे, हेही सांगतो. आणि मग सांगतो की असल्या नावाच्या कातेतली पहिली हालचाल मात्र डावीकडे वळून डोक्यावर येणारा घाव अडवण्याची आहे. नाव एक सांगते, अंग दुसरे करते. दोन्ही लक्षात ठेवा.

सगळ्यांत शेवटी मुलांना सांचिनच्या पवित्र्यात उभे करतो. पाय खांद्याएवढे, बोटे आत, गुडघे किंचित वाकलेले. एक मिनिट हलायचे नाही. पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही. कुणी हसते, कुणाची मांडी थरथरते, कुणी खुर्चीवरच्या आईकडे पाहते. हात मात्र कुठले ठेवायचे, मुठी की उघडे, असे विचारले तर आम्ही सांगतो: इथे मुठी, कारण आम्हाला तसे शिकवले गेले, दुसरीकडे उघडे, कारण त्यांना तसे शिकवले गेले. यंदाच्या तुकडीत एका मुलाने लगेच विचारले, 'पण सर, मुळात कसं होतं?'

फूझौमध्ये त्या दोघांपुढे कुणी कसे हात धरले होते, हे पाहिलेले कोणी उरलेले नाही. आम्ही त्याला तेच सांगितले. त्याने थोडा विचार केला, एक हात आवळला, दुसरा उघडा ठेवला आणि मिनिट संपेपर्यंत तसाच उभा राहिला. आम्ही त्याला दुरुस्त केले नाही. ते मंगळवारी.