दुसऱ्यांदा समुद्र ओलांडण्यापूर्वी

आपल्या समाजात परदेशगमनाचा विषय निघाला, की बोलणारा बहुधा पूर्वजांपासून आरंभ करतो. ते साहजिकच आहे. मॉरिशसमधील मराठी मनुष्याची वंशावळ चारपाच पिढ्या मागे नेली, की ती मुंबई बंदराच्या धक्क्यावर येऊन थांबते. त्यापलीकडे कोकणातील किंवा घाटावरील एखाद्या गावाचे, कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिलेले नाव तेवढे उरते. अशा लोकांच्या वंशजांना प्रवासाचे भय कसले, असे आपण सभासमारंभांत अभिमानाने म्हणतो. परंतु तोच प्रश्न आपल्या स्वतःच्या घरात येऊन बसला, म्हणजे अभिमानाची वाक्ये फारशी उपयोगी पडत नाहीत. गेले वर्षभर आमच्या घराने हा अनुभव घेतला. त्याचा वृत्तांत येथे देतो, तो आमच्या घरचे काही विशेष आहे म्हणून नव्हे. आज आपल्यांतील अनेक घरांत हीच चर्चा चालू आहे, तीस थोडे साह्य व्हावे म्हणून.

माझ्या धाकट्या भावाची कन्या परिचारिका आहे. तिचे वय बत्तीस. जावईबापू वीजकामात तरबेज असून हॉटेलांतील शीतगृहे व वातानुकूलन यंत्रे यांची देखभाल करतात. त्यांना सहा वर्षांची एक मुलगी आहे. दोघांनी मिळून कॅनडात जाण्याचा विचार घरात मांडला. पोटास कमी पडते असे त्यांचे म्हणणे नव्हते. इस्पितळातील तिच्या बरोबरीच्या कित्येक जणी अगोदरच बाहेर गेल्या होत्या, राहिलेल्यांवर रात्रपाळ्यांचा भार वाढला होता, आणि दोघांच्या वेतनांतून स्वतःचे घर केव्हा उभे राहील याचा हिशेब काही केल्या जुळत नव्हता. त्यांच्या बोलण्यात उतावळेपणा नव्हता. म्हणूनच ते उडवून लावणे कोणास शक्य झाले नाही.

दुसऱ्या बाजूस दोन गोष्टी होत्या. पहिली आमची आई. तिचे वय शहाऐंशी, मधुमेह जुना. सकाळी तिचे रक्त तपासून सुई टोचण्याचे काम ही नातच आज कितीतरी वर्षे करीत आली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे व्हाक्वानजीकची आमची एक आर्पां जमीन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरमळ्यांच्या मालकांनी आपल्या जमिनींचे तुकडे पाडून विकावयास काढले, तेव्हा मजुरांनी पैपैसा साठवून ते घेतले. अशाच एका तुकड्यावर आमच्या पणजोबांनी आपले नाव लावले. आता कॅनडाच्या नियमाप्रमाणे, तेथे नोकरी ठरलेली नसलेल्या कुटुंबाने सुरुवातीच्या निर्वाहापुरती रोकड आपल्यापाशी असल्याचे दाखवावे लागते. ती उसनी घेतलेली चालत नाही, आणि जमिनीची किंमत त्यात धरली जात नाही. म्हणजे जमीन तरी विकावी, किंवा पैसा साठेपर्यंत थांबावे.

घरातील ज्येष्ठांची बैठक भरली. आमच्या एका चुलत्यांनी प्रारंभीच निकाल दिला: "आपले मूळ पुरुष एक घोंगडी घेऊन आले. त्यांनी हिशेब केला असता, तर आज आपण येथे नसतो. जावे!" मंडळींनी माना डोलावल्या. परंतु मला ते पटले नाही. मी काही वर्षांपूर्वी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जाऊन आमच्या मूळ पुरुषाची नोंद काढविली होती. शर्तबंद मजुरांच्या नोंदवह्या तेथे जपून ठेविल्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, गाव असा मजकूर तीत असतो. त्यास काय हवे होते, त्याने काय विचारले, हे सांगणारा रकाना त्या वहीत नाही.

त्या काळचा करार कसा असे, हे आपण विसरू नये. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाजातून पहिले ३६ मजूर पोर्ट लुई येथे उतरले. त्यांचा करार पाच वर्षांचा, वेतन महिना पाच रुपये व शिधा. पुढे नियम वरचेवर बदलले. परंतु एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत दीर्घकाळ चालली. १८५० च्या दशकात नव्याने येणाऱ्यांचा परतीचा मोफत प्रवासही बंद झाला. ज्याचा अंगठा त्या कागदावर उमटे, त्यास तो वाचता येत नसे. आप्रवासी घाटाच्या पायऱ्या तो चढला, हे त्याचे धैर्य खचित. पण त्याला निवडीस जागा किती होती, हाही प्रश्न विचारला पाहिजे. आणखी एक गोष्ट. या बेटावर सुमारे साडेचार लाख मजूर आले, आणि त्यांपैकी दीड लाखाहून अधिक परत गेले. परतणे हाही एक निर्णयच होता. आपण राहिलेल्यांची संतती म्हणून राहिलेल्यांचेच गुण गातो इतकेच.

तेव्हा मी बैठकीत म्हटले, की पूर्वज गेले म्हणून जावे हे कारण पुरेसे नाही. पूर्वजांना जे विचारता आले नाही, ते सगळे आपण विचारावे आणि मग जावे किंवा राहावे. त्यांचे ऋण फेडण्याचा हाच मार्ग मला दिसतो.

बैठकीत माझी आतेबहीणही टेलिफोनवरून सहभागी झाली होती. ती १९७० साली परिचारिकेचे शिक्षण घेण्यास इंग्लंडला गेली. त्या काळी आपल्या बेटावर बेकारी मोठी होती. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या प्राध्यापक मीड यांच्या अहवालाने वाढत्या लोकसंख्येविषयी गंभीर इशारा दिला होता, आणि इंग्लंडातील इस्पितळांना माणसे हवी होती. शेकडो मुलेमुली गेली. तिने सांगितलेली हकीकत आम्हां सर्वांना नवी होती. तिकडे तेव्हा परिचारिकांचे दोन वर्ग असत: तीन वर्षांचे शिक्षण घेऊन होणारी 'रजिस्टर्ड' आणि दोन वर्षांत होणारी 'एन्रोल्ड'. दुसरीस बढतीची वाट जवळजवळ बंद, आणि देशाबाहेर त्या प्रमाणपत्रास मान थोडा. परदेशांतून आलेल्या कित्येक मुलींना हा भेद कोणी समजावून दिला नाही आणि त्यांना दुसऱ्या वर्गात बसविले गेले. तिलाही तसेच बसविले होते. "कागद इंग्रजीत होता, आणि मला इंग्रजी येत होते," ती म्हणाली, "पण त्यातल्या एका शब्दाचे वजन मला ठाऊक नव्हते." पुढे पुन्हा शिकून रजिस्टर्ड होण्यात तिची कित्येक वर्षे गेली. तीन वर्षांत परत येते असे सांगून ती गेली होती. आज तिची नातवंडे तिकडची आहेत. तिला पश्चात्ताप नाही, हेही तिने स्पष्ट सांगितले. पण अक्षरओळख असूनही माणूस न वाचता सही करू शकतो, ही गोष्ट त्या दिवशी आमच्या मनावर ठसली.

त्यानंतर आमच्या बैठकींचे स्वरूप बदलले. जावे की न जावे हा वाद बाजूस ठेवून आम्ही कागद वाचावयास बसलो. तेव्हा असे ध्यानी आले, की कॅनडास दरवाजे दोन आहेत. पहिला देशात शिरण्याचा. २०१५ पासून तेथे 'एक्सप्रेस एन्ट्री' नावाची पद्धत चालू झाली. तीत वय, शिक्षण, भाषा व कामाचा अनुभव यांना गुण मिळतात. वयाचे गुण तिशीनंतर दरवर्षी उतरत जातात व पंचेचाळिसाव्या वर्षी शून्यावर येतात. दुसरा दरवाजा आपला धंदा करण्याचा, आणि तो वेगळ्याच लोकांच्या हाती. आपले शिक्षण तिकडच्या शिक्षणाच्या तोडीचे आहे असा दाखला मिळाला, तरी त्याने परिचारिका म्हणून काम करता येते असे नाही. त्यासाठी त्या त्या प्रांताच्या परिचारिका-मंडळाकडे नाव नोंदवावे लागते व परीक्षाही द्यावी लागते. वीजकामाचेही बहुतेक प्रांतांत तसेच. पहिला दरवाजा उघडला म्हणजे दुसरा उघडलाच, अशा समजुतीने गेलेली कुशल माणसे तेथे दोनदोन वर्षे भलतीच कामे करीत बसतात. आमच्या जावईबापूंना एका दलालाने दोन्हींची हमी देऊ केली होती. कॅनडाच्या कायद्याने अशा कामाचे पैसे घेण्याचा अधिकार वकिलास किंवा परवानाधारक सल्लागारासच आहे. परवाना दाखवा म्हटल्यावर त्या गृहस्थांचे येणे थांबले.

जमिनीचा पेच मात्र राहिलाच. थांबावे तर वयाचे गुण घटतात; न थांबावे तर पणजोबांची जमीन जाते. येथे आपल्या बेटाने हात दिला. आपण शाळेत इंग्रजीबरोबर फ्रेंच शिकतो आणि त्यात काही विशेष आहे असे आपणास कधी वाटत नाही. परंतु त्या पद्धतीत दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्यास जादा गुण मिळतात, आणि २०२३ पासून फ्रेंच जाणणारांची निराळी निवडही होऊ लागली. पुतणीने फ्रेंचची परीक्षा दिली. त्या गुणांनी वर्ष-दीड वर्ष थांबण्याचा तोटा भरून निघाला. जमीन विकण्याचा विषय त्या दिवशी बंद झाला.

मग प्रश्न उरला तो मुलीचा. आमच्या घरात रोजचे बोलणे क्रिओलचे आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. मराठी आहे ती शाळेतील तासाला, आरतीत, गणेशचतुर्थीला आणि झाकरीच्या गाण्यांत. इतकी थोडी मराठी आणखी एक समुद्र ओलांडून टिकेल काय? कॅनडातील मोठ्या शहरांत मराठी मंडळे आहेत. पण तेथील बहुतेक मंडळी थेट महाराष्ट्रातून गेलेली. आमची मुलगी त्यांच्यात क्रिओल बोलत गेली, तर तिला ते आपली म्हणतील काय? या प्रश्नास माझ्यापाशी निश्चित उत्तर नाही. एवढेच सांगतो, की मळ्यावरच्या आपल्या लोकांनाही कोणी मंडळ तयार करून दिले नव्हते. दिवसभर ऊस तोडून संध्याकाळी जे एकत्र बसले, त्यांच्यामुळे आपण आज मराठी म्हणवितो. पुतणीने दर रविवारी टेलिफोनवरून मुलीचा मराठीचा तास घेण्याचे काम माझ्यावर सोपविले आहे. मी निवृत्त शिक्षक; मला दुसरे काम तरी काय?

या साऱ्या चर्चेत एक दृश्य माझ्या मनातून जात नाही. आमच्या गल्लीच्या टोकास बांगलादेशातून आलेल्या कामगारांचे वसतिगृह आहे. ज्या बेटावर माणसे फार झाली म्हणून १९६१ साली चिंता होती, त्या बेटावर आज कापडाच्या गिरण्या आणि इमारतींची कामे यांसाठी बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर व भारत येथून माणसे आणावी लागतात. त्यांचा परवाना एकाच मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. रविवारी ते घरच्यांशी बोलत पायरीवर बसलेले दिसतात. आमची मुले जातात आणि ही मुले येतात. आपल्या मुलांना तिकडे जशी वागणूक मिळावी असे आपणास वाटते, तशी आपण यांना देतो काय, हे एकदा प्रत्येकाने आपल्याशी विचारून पाहावे.

शेवटी आईचे मत. तिच्यापासून कोणी काही लपविले नव्हते, पण तिला सरळ विचारलेही नव्हते. पुतणीनेच विचारले. आई म्हणाली, "मी अडवीत नाही. पण तुझ्या आत्यासारखे तीन वर्षांत येते म्हणू नकोस. किती दिवसांनी भेटशील ते खरे सांग, म्हणजे मी त्या बेताने राहीन." पुतणी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने आजीस खरे ते सांगितले: पहिली दोन वर्षे येणे व्हावयाचे नाही, आणि कायमचे येणे होईल की नाही हे आज तिला ठाऊक नाही. आईने मान हलविली आणि पणतीस जवळ घेतले.

आता ठरले आहे ते असे. परिचारिका-मंडळाकडची कागदपत्रे येथील नोकरीत असतानाच पुरी करावयाची. नोंदणीचा मार्ग मोकळा झाल्यावाचून राजीनामा द्यावयाचा नाही. जमीन सर्वांच्या नावे राहील. आणि आईची सुई आता मी टोचतो. पहिल्या आठवड्यात हात कापे, आता कापत नाही. पुढील वर्षी ही मंडळी विमानात बसलेली असतील किंवा आमच्यातच असतील. दोन्हींपैकी काहीही झाले, तरी कोणी फसविले असे कोणास म्हणावे लागणार नाही.

ज्या घरांत हा प्रश्न आज उभा आहे, त्यांनी चार गोष्टी अवश्य विचाराव्या: काम नक्की कोणते, ते करण्याची परवानगी कोण देणार, परत यावयाचे झाल्यास वाट कोणती, आणि मागे राहणाऱ्याचे काय. उत्तरे मिळाली म्हणजे जाणारास आनंदाने निरोप द्यावा, आणि राहणारासही भित्रा म्हणू नये. सर्व जाणारांचे व राहणारांचे कल्याण होवो, हीच श्रीगजाननाचरणी प्रार्थना.