थंडीतला गळ, कयाधूचा डोह आणि फवारणीचा पंप



थंडी चांगलीच पडलीय. हरभरा घाट्यात आहे, हळदीची पानं पिवळी पडायलीत, पण काढणीला अजून अवकाश आहे. वर्षातला हाच काय तो थोडा मोकळा वेळ. म्हणून रविवारी मासे धरायला कयाधूवर गेलो. मी, कारभारीण, पोरगा, पाहुणे आलेले मेहुणे, एक शेतकरी सोबती आणि आमचे भोई मामा. सोबत्याचं रान नदीला लागूनच आहे.

कयाधू वाशीम जिल्ह्यातून येते, नर्सी नामदेव, हिंगोली करत आपल्या कळमनुरी तालुक्यातून पुढं पैनगंगेला मिळते. पावसाळ्यात रानात घुसणारी नदी थंडीत डोहाडोहात उरते. मासेही तिथंच गोळा होतात.

पोहोचलो तेव्हा पाण्यावरून वाफा निघत होत्या. मेहुण्यांनी लगेच गळ काढला. केळीच्या पाचटाखालची गांडुळं आणली होतीच. मामा म्हणाले, "पाव्हणं, दम धरा. पाणी गार हाय. मासा तळाला बसलाय, तोंड उघडणार नाही. ऊन पाण्यावर येऊ द्या."

मामांचं बरोबर होतं. माशाचं अंग पाण्याएवढंच गार असतं. पाणी गार झालं की त्याचं पचन मंद होतं, भूक कमी होते. आपली केळी नाही का, पारा १२ अंशांच्या खाली गेला की नवीन पान काढायचं थांबते? तसंच हे. ज्यांनी शेततळ्यात मासे सोडलेत त्यांनी ध्यानात ठेवा: थंडीत खाद्य कमी करा आणि ऊन चढल्यावरच टाका. पहाटे टाकलेलं खाद्य तळाला जाऊन सडतं, पाणी खराब होतं आणि पैसाही जातो.

पऱ्हाट्या पेटवून चहा केला, शेकत बसलो. नऊच्या पुढं तरंगं हलायला लागलं. पहिला शिंगटा पोराला लागला. मग बारीकसारीक चार-पाच. मामांनी मात्र हातभर मरळ काढली. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते, त्यामुळं कमी पाण्यात, गढुळातही तग धरते. नर-मादी दोघंही पिल्लं राखतात. म्हणून पिल्लांचा लाल थवा दिसला की मामा तिथं जाळं टाकत नाहीत.

तेवढ्यात पोरगा खालच्या डोहाकडून ओरडला, "आबा, हिकडं या!" जाऊन बघितलं तर काठाला झिंगे मेलेले आणि बोटाएवढे मासे पोट वर करून तरंगायलेले. शेजारी खडकावर औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या पडलेल्या.

मामांनी विचारलं, "हितं पंप कुणी धुतला?"

सोबती जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काल सांजच्याला हरभरा फवारला. गड्यानं धुतला असंल. पण मामा, ह्याच्यावर तर हिरवा तिकोन हाय. साधं औषध हाय की."

मित्रांनो, बहुतेकांची गल्लत इथंच होते. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण माणसाला किती धोका हे सांगतो. तो ठरतो प्रयोगातल्या जनावरांवरच्या चाचणीवरून. माशाचा त्याच्याशी संबंध नाही. त्या बाटलीत क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल होतं. घाटेअळीला चांगलं, माणसाला कमी धोक्याचं, पण झिंग्यासारख्या पाण्यातल्या जिवाला जहाल. दुसऱ्या बाटलीत लॅम्डा सायहॅलोथ्रीन. ह्या गटातली औषधं आपलं शरीर लवकर मोडतं, माशाला ती तेवढ्या लवकर मोडता येत नाहीत. अगदी थोड्या मात्रेतही तो मरतो.

मामा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, तुमचा घाटा वाचला, माझं जाळं रिकामं झालं. तुम्हाला रविवारपुरती नदी, मला रोजची हाय." यावर आमच्यातलं कुणी बोललं नाही.

खालच्या डोहातलं काही खायचं नाही असं ठरलं. वरचा डोह उंचावर, मधे खडकाची धार, पाणी वरून खाली जाणारं, त्यामुळं वरचे मासे मामांनी चालतील म्हटले. कारभारणीनं राख लावून खवले काढले, घरची हळद, मीठ, लसूण, तिखट लावून कालवण केलं. सोबती जेवायला बसेना. तिनंच त्याच्या भाकरीवर वाढलं. "भाऊजी, जेवा आधी. आन् उद्यापासून दोन कॅन पाणी बांधावर नेऊन ठेवा, पंप तिथंच धुवा."

तेच सगळ्यांना सांगतो. पंप नदीवर, विहिरीवर, कॅनॉलवर धुऊ नका. बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता. पंप धुतलेलं पाणी त्याच पिकावर मारा. बाटलीला भोक पाडा, म्हणजे घरात कुणी वापरणार नाही. नदीकाठचे चार-सहा तास न फवारता सोडा आणि वारं नदीकडं असेल तर त्या दिवशी थांबा. गड्याला हे आपणच सांगायचं असतं, बाटलीवरची बारीक अक्षरं तो वाचत बसत नाही.

कृषी अधिकारी, कृषी सेवा केंद्रवाले ह्या पेजवर बरेच आहेत. औषध देताना पिकाची मात्रा सांगता, तसं माशाचंही एक वाक्य सांगत जा.

सोमवारी सोबत्याचा फोन आला. कॅन नेलेत म्हणाला, आणि मामांचा नंबर मागितला.